पहिला मांडा

मुलांनो, तुम्ही पत्रात मांड्यांची कृती विचारलीत, म्हणून शिंदखेड्याच्या आमच्या शेजारच्या आजींबद्दल लिहिते. पुरणाची पोळी त्या दोन्ही हातांवर फिरवत रुमालाएवढी करत आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकत. शिकवताना बोलत नसत, नातीचं कोपर तेवढं वर ढकलत.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नैवेद्याचा पहिला मांडा नातीने केला. टाकताना तो फाटला आणि ती रडू लागली. सून म्हणाली, "माय, आते दुसरा तुम्हीच करा."

आजींनी फाटलेलाच पानावर ठेवला. नातीला म्हणाल्या, "मी बी तुना आजाले पहिला फाटेलच वाढेल व्हता. गुमचूप जेवनात." म्हणजे आता पितरांत असलेले आजोबा तेव्हा तो मुकाट्याने जेवले होते.

ती नात आता स्वतः आजी आहे. आखाजीला पहिला मांडा फाटला, तरी तोच नैवेद्याला ठेवते.