डोळ्यांनी पाहिलेलं घर

इतकं भांडून जगलेल्या बाईनं दुपारी जेवून आडवं व्हावं आणि कुणाशी एक शब्दही न बोलता निघून जावं, हे मला दीड महिना झाला तरी पटलेलं नाही. सिंगापुरात पाया लेबारला ऑफिसखालच्या फूड कोर्टात मी ट्रे घेऊन जागा शोधत होते, तेवढ्यात सुनंदाताईंच्या नवऱ्याचा, साहेबांचा फोन आला. "शोभा, ही उठत नाहीये." मी म्हटलं, "झोपू द्या की साहेब, सकाळी मार्केटात कुणाशी तरी भांडून दमल्या असतील." तर म्हणाले, "नाही गं. हात गार लागतोय…" मी ट्रे तिथंच टाकला आणि टॅक्सी पकडली. सेंगकांगला त्यांच्या भाड्याच्या घरी पोचले तोवर शेजारच्या मलाय बाईनं ॲम्ब्युलन्स बोलावली होती आणि साहेब पलंगाच्या कडेला बसून सुनंदाताईंचा तळवा चोळत होते. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, भाग्यवान, झोपेत गेली. कसलं डोंबलाचं भाग्य! यमाशी दोन हात करायची संधीसुद्धा मिळाली नाही बाईला. मिळाली असती तर तो एकटाच परत गेला असता, हे मी छातीठोकपणे सांगते.

सुनंदा मोहिते. माहेर साताऱ्याचं, वडील तालमीतले. नवरा जयसिंगराव, जहाजावर इंजिनियर, पुढे जहाजं तपासायच्या नोकरीवर ऐंशीच्या दशकात सिंगापूरला आले आणि इथलेच झाले. त्यांना सगळे साहेब म्हणतात. साठी ओलांडली आणि काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. साहेब म्हणजे देवमाणूस, कधी कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. दोघांच्या वाटणीचं ओरडणं ताईच करायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंडळाच्या गणपतीनंतर टॅक्सीच्या रांगेत. साहेब पांढरी काठी टेकत पुढे सरकले आणि एक सूटबूटवाला त्यांना कोपरानं बाजूला सारून गाडीत शिरला. ताईंनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढला. अक्षरशः ओढला. त्याचा टाय हातात आला. मी मध्ये पडले तर मलाच म्हणाल्या, "तू कोण गं मधे कडमडणारी? दार धर!" मी मुकाट्यानं दार धरलं. आमची मैत्री अशी सुरू झाली. गिरगावात वाढल्यामुळे मलाही जीभ आहे, पण त्यांच्यापुढे मी म्हणजे पाप्याचं पितर.

त्यांचं आधीचं घर ईस्ट कोस्टला, चार मजली, बिनलिफ्टच्या जुन्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर. घेतलं तेव्हा साहेबांची दृष्टी शाबूत होती. खिडक्यांना रंग त्यांनी स्वतः निवडला, स्वयंपाकघरात जमिनीपासून भिंतीपर्यंत निळ्या फरश्या स्वतः बसवून घेतल्या. आंधळे झाल्यावरही त्या घरात ते असे वावरायचे की नवख्या पाहुण्याला कळायचंसुद्धा नाही. रोज सकाळी एकटे उतरायचे, हायवेखालच्या भुयारातून कठड्याला हात लावत समुद्रावर जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. ताई गॅलरीतून बघत असायच्या, पण सोबत कधी जायच्या नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "ते एवढंच तर एकटे करतात. हे घर त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय शोभे. आता दुसरं कुठलं घर ते बघणार नाहीत." त्यांचं सगळं भांडण या एका वाक्यात होतं. त्यात सी व्ह्यू नव्हता आणि चांगला भाव तर मुळीच नव्हता.

सतरा-अठरा साली इथं जुन्या बिल्डिंगा विकायची साथच आली होती. बिल्डर आख्खी बिल्डिंग मागतो. ढोबळ मानानं शंभरातले ऐंशी हिस्से हो म्हणाले की उरलेल्यांनीही गाशा गुंडाळायचा, असा इथला नियम. ताईंच्या बिल्डिंगीत गाडं ऐंशीच्या उंबरठ्यावर अडलं होतं. मोहित्यांची सही पडली की झालं! मग काय, वर्षानुवर्षं दिवाळीचा चिवडा खाल्लेली माणसं कुत्र्यासारखी मागे लागली. कुलपात गोंद ओतला. टपालपेटीत माशांची आतडी. गाडीची चारही चाकं फाडली. एका सकाळी साहेब समुद्रावरून परतले तर जिन्यात कुणीतरी तेल सांडून ठेवलेलं. नशीब बलवत्तर म्हणून कंबरेऐवजी नुसतं कोपर फुटलं. मी पोलिसांत जा म्हणत होते. ताई म्हणाल्या, "नाव कुणाचं सांगू? मी त्यांना बरोबर बघते." सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक तरुण मालक, ज्यानं आपला फ्लॅट भाड्यानं दिला होता आणि जो कधी तिथं राहिलाही नव्हता, हसत हसत म्हणाला, "Blind man, what for sea view?" दोन-चारजण हसले. ताईंनी बसल्या जागची घडीची खुर्ची उचलली आणि फेकली. ती त्याला लागली नाही, मागच्या काचेला लागली. काच खळ्ळकन खाली आली आणि एका म्हाताऱ्याच्या पायातून रक्त निघालं. ताई लगेच त्याच्यापाशी बसल्या आणि पदरानं पाय बांधत, मान वर करून त्या पोराला शिव्या घालत राहिल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडून सातारा बाहेर यायचा. "मुडदा बशिवला तुजा! ये की फुडं!" तो काही पुढे आला नाही.

सगळेच तसे होते असं मी म्हणणार नाही. चौथ्या मजल्यावर लिम नावाचे गृहस्थ होते. त्यांची आई अर्धांगानं आडवी. दवाखान्यात न्यायचं म्हणजे लिम तिला पाठुंगळी घेऊन चार मजले उतरायचे, दम खात, भिंतीला टेकत. त्यांना लिफ्टचं घर हवं होतं, त्यात काय चुकलं? ताईंनाही ते ठाऊक होतं. एकदा-दोनदा म्हातारीचे पाय धरून त्याही उतरल्या होत्या. पण एकाचं घर वाचायचं तर दुसऱ्याची आई पाठीवर राहणार, अशी ती अडकित्त्यातली सुपारी. दोघं एकमेकांना टाळायला लागले, मग एकमेकांकडे बघून थुंकायला लागले.

आणि आली खंडेनवमी. मोहित्यांकडे ती जोरात. शस्त्रं पुजायची, आणि बकऱ्याच्या जागी कोहळा कापायचा. कोहळ्यावर कुंकवाचं पाणी ओतायचं, एका घावात दोन फोडी. साहेबांच्या वडिलांचा कोयता त्यासाठी जपून ठेवलेला. एरवी हे सगळं गॅलरीत व्हायचं. त्या वर्षी ताई म्हणाल्या, "गाडीचे हाल केले मेल्यांनी. गाडीपुढंच कापू, सगळी पीडा जाईल." मी रजा टाकून गेले होते, आरतीचं ताट माझ्याच हातात. आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो. ताईंनी कोयता कपाळाला लावला आणि घाव घातला. चांगला घाव होता. लाल पाणी उडालं ते शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर आणि दारावर. शेजारची गाडी लिमची. आता या देशात दारावर लाल रंग फासला की त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. सावकारांचे गुंड असा रंग फासतात. तुझ्या घरच्यांचं बरंवाईट करू, असा तो निरोप असतो. इतकी वर्षं इथं काढूनही आम्हा दोघींच्या टाळक्यात ते आलं नाही! आमच्या दृष्टीनं ती पूजा होती. लिमच्या बायकोनं वरून पाहिलं ते एवढंच की मोहितेबाई हातात कोयता घेऊन उभी आहे आणि आपली गाडी रक्तानं माखली आहे.

ती किंचाळली. लिम गोल्फची काठी घेऊन चार मजले धावत आले. "My mother! You threaten my mother!" मी ताट पुढे करून "Prayer, prayer!" ओरडत राहिले, पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. पहिला फटका ताईंच्या गाडीच्या काचेवर बसला. दुसरा ताईंच्या डाव्या मनगटावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. तिसरा उगारला तेव्हा ताईंनी कोयता फिरवला. उलट्या बाजूनं, पाठीनं. लिमच्या खांद्याचं हाड गेलं आणि ते कोहळ्याच्या फोडींत गुडघ्यावर बसले. वर गॅलरीत साहेब कठडा धरून ओरडत होते, "सुनंदा! काय झालं? कुणीतरी सांगा मला काय झालं!" …ती हाक मला अजून दचकवते. पोलीस आले. त्यांनी कोयता प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवर ठेवला, तर लोंबत्या मनगटानं बाई त्यांच्या अंगावर धावल्या, "अहो, कुंकू लावलंय त्याला! पायाखाली काय ठेवता?"

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लिहिताना माझं डोकं फिरतं. हत्यारानं मारल्याची तक्रार, म्हणजे तुरुंगापर्यंत जाणारं प्रकरण. हाड दोघांचं मोडलं होतं, पण कोयता एकीच्याच हातात होता. विकणाऱ्यांच्या बाजूचा एकजण गोड चेहरा करून घरी आला. म्हणाला, लिम तक्रार मागे घेतील, सगळं शेजारधर्मानं मिटेल… तुम्हीही जरा समजून घ्या. विक्रीच्या संमतीचा कागद बरोबर आणलेला होता. ताई प्लास्टरमधला हात आपटत म्हणाल्या, "जाते मी जेलात! तिथंबी भाकरीच देतात. सही करायची नाही, अहो, सांगून ठेवते!" साहेबांनी तो कागद चाचपला. मग म्हणाले, "तू आत गेलीस तर या घराचं मी काय करू, सुनंदा? चाटू?" त्यांनी पेन मागितलं. सही कुठं करायची ते त्यांना दिसणार कसं? ताईंनीच त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. नंतर स्वतःची सही केली, उठल्या आणि स्वयंपाकघरातली कपबशी न् कपबशी त्या निळ्या फरश्यांवर फोडली. मी अडवलं नाही. एक मीही फोडली.

माझ्या घराजवळ सेंगकांगला त्यांनी भाड्यानं फ्लॅट घेतला. नवा कोरा, गुळगुळीत, सगळ्या भिंती सारख्या. साहेबांना त्यात कशाचा म्हणजे कशाचा पत्ता लागेना. बाथरूम समजून कपाटात शिरायचे. कपाळावर टेंगूळ, नडगीला खोक, बोटं दारात. एकदा फ्रीजवर आदळून ओठ फाटला, तर ताईंनी फ्रीजला लाथा घातल्या. लेक मेलबर्नहून फोन करायची, "माझ्याकडे या." साहेब म्हणायचे, "तिथं आणखी नवं घर."

बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा साहेबांनी हट्ट धरला, मला न्या. पत्र्याच्या कुंपणाबाहेर आम्ही तिघं उभे. यंत्राचा लांब हात वर जायचा, जबडा गॅलरीत घुसायचा आणि भिंत सळयांसकट ओरबाडून काढायचा. धुळीवर पाण्याचे फवारे मारत होते. पहिल्या मजल्याची बाजू उघडी पडली आणि आमच्या समोर स्वयंपाकघराची ती निळी भिंत, भर उन्हात, उघडी नागडी. ताईंनी झटकन साहेबांचे कान दाबले. ते म्हणाले, "हात काढ. माझं घर आहे, ऐकू दे मला." ऐकत राहिले. "हा जिना… ही पाण्याची टाकी…" मग निळी भिंत आदळली. ताईंनी पायातली चप्पल काढून यंत्राच्या दिशेनं भिरकावली, मग दुसरीही. घरी येताना एमआरटीच्या डब्यात बाई अनवाणी. माझी मुलगी नंतर हे ऐकून म्हणाली, "Aunty so fierce lah." मी तिला सांगितलं, तुला काय कळतंय गं, ती रडत होती.

त्यानंतर जेमतेम सहा-सात महिन्यांत ताई गेल्या. तेरावं झालं, लेक परत गेली. मी एका संध्याकाळी साहेबांकडे डोकावले. म्हणाले, "बस, चहा टाकतो." आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. काठी नाही, धडक नाही. मी बघतच राहिले. "साहेब, हे कसं?" त्यांनी माझं बोट धरून दाराच्या चौकटीवर ठेवलं. कंबरेच्या उंचीवर लाकडात खोल खाच होती. आडवी खाच म्हणजे बाथरूम, तिरकी म्हणजे स्वयंपाकघर, फुली म्हणजे पुढे बाल्कनी, थांबा. चौकटींवर, कपाटाच्या कडांवर, जेवणाच्या टेबलावर, भाड्याच्या घरभर बाईनं भाजीच्या सुरीनं खाचा पाडल्या होत्या. "मोडक्या मनगटानं," साहेब म्हणाले, "रोज थोड्या. प्रत्येक खाचेला एक शिवी. खाच हाताला लागली की शिवीपण आठवते."

गेल्या आठवड्यात घरमालकाचा एजंट, एक चिनी पोरगा, आला. बरोबर भेगा बुजवायच्या लांबीचा डबा आणि एक कामगार. "Aiyoh! Who do this one?" म्हणत एजंटनं स्वतःच पहिल्याच चौकटीवरच्या खाचेत लांबी भरायला घेतली. मी तोंड उघडणार, इतक्यात कोपऱ्यातली काठी हवेतून सणसणत आली आणि त्याच्या हातातल्या डब्यावर बसली. डबा भिंतीवर फुटला. साहेब! जन्मात ज्यानं कुणावर आवाज चढवला नाही तो माणूस काठी रोखून उभा होता. आणि त्या चिनी पोराला शुद्ध सातारी मराठीत म्हणाला, "हात लावशील तर तंगडं मोडून हातात देईन!" मराठी त्याला कुठून येणार? पण कळलं. दोघंही लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं पळाले.

साहेबांनी काठी खाली टाकली. चौकट चाचपडली, ओली लांबी नखानं उकरून काढली, खाच पुन्हा मोकळी केली. मग भिंतीला हात लावत आत निघाले. आडव्या खाचेशी पुटपुटले, "मेल्या." तिरक्या खाचेशी, "तोंडात माती पडो तुझ्या." त्यापुढच्या खाचेशी जे म्हणाले ते छापता यायचं नाही. आवाज साहेबांचा होता, पण हेल तंतोतंत ताईंचा. स्वयंपाकघरात पोचले आणि मला हाक मारली, "शोभा, आलं घालू ना चहात?"