जाड दाण्याचा रूळ

काका, म्हणजे बाबांचे फौजेतले मित्र, ज्याला घाबरतील अशी वस्तू रहिमतपुरात अजून आलेली नाही. त्यामुळे त्यांच्या वाटणीचं घाबरणं माझ्याकडे आहे, आणि ते मी मन लावून करते. निवृत्त झाल्यावर बाकीचे सुभेदार ऊस बघतात. काका उसाच्या कडेच्या शेडमध्ये समुद्राच्या लाटांवर उभं राहून चालवायच्या फळ्या घडवतात. मालवणकडे त्यांचा जावई मुलांना हा खेळ शिकवतो. तो टेम्पोतून माणसाहून उंच पांढऱ्या फोमचे ठोकळे पाठवतो आणि काका ते विजेच्या रंध्यानं तासतात, नुसत्या बनियनवर, रंध्याला "चल, कदमताल!" असा हुकूम देत. मशीन थांबलं की स्वयंपाकघरातून काकू ओरडतात, "आवं, बोटं हायती न्हवं?" काका ताठ उभे राहून सांगतात, "धाच्या धा हजर!" मला मात्र ती स्वतः पाहिल्याशिवाय श्वास घेता येत नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून रंध्याबरोबरची माहितीपत्रं वाचायला मला बोलावणं येतं. एरवी माझा आवाज फुटत नाही, पण बोटं तुटण्याबद्दलची सूचना मी दोनदा वाचते. काका म्हणतात, "फुडचं वाच पोरी. हे मला ठावं हाय."

रंध्यात बसवायला त्यांच्याकडे तीन गोष्टी आहेत. एक, लाकडासाठीची पोलादी पाती. ती फोमचे उंदरानं कुरतडल्यासारखे लचके तोडतात, म्हणून ती डब्यातच असतात. मग दोन रूळ, अंगभर काचपेपरसारखे दाणे असलेले, एक जाड दाण्याचा आणि एक बारीक. जाड रूळ एका फेरीत भसाभस फोम खातो, पण हात जरा हलला तर खड्डा पाडतो. बारीक सावकाश जातो आणि बरंच सांभाळून घेतो. काका कायम जाडच लावत. "बारका म्हंजी गालाला पावडर लावल्यागत. आपल्याला न्हाई जमत." उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाची बशी वाजायला लागली तेव्हा त्यांनी बशी सोडून पेला धरला. काकूंना वाटलं, नवीन खूळ. मी पाहिलं होतं, पण बोलले नाही.

खंडेनवमीला काकांनी सगळी हत्यारं पुजली. हळद-कुंकू पाण्यात कालवून जाड रुळालाही सढळ हातानं लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी मालवणच्या नातीसाठी घडवत असलेल्या फळीवर तोच रूळ फिरवला आणि पांढऱ्या फोमवर हातभर लांब नारिंगी पट्टा उमटला. दचकून त्यांचा हात हलला आणि पट्ट्याच्या टोकाला खड्डा पडला.

मशीन बंद झालं. नात यंदा पहिल्यांदाच खोल पाण्यात जाणार होती. जावयानं फळीच्या नकाशावर जाडीचा आकडा देऊन लाल पेनानं लिहिलं होतं की याहून पातळ झाली तर फळी लाटेत मोडेल. मी जाडी मोजली. खड्डा जाईपर्यंत तासलं तर त्या आकड्याच्या वर जेमतेम नखाएवढी जाडी उरत होती. काकांनी पुन्हा बटणाकडे हात नेला.

"काका, बारीक लावा."

माझाच आवाज ऐकून मी घाबरले.

"का गं?"

"हात थरथरतोय."

"दिसतंय व्हय?"

"उन्हाळ्यापासून."

आतून काकूंची हाक आली, "आवं, बोटं?" काकांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

मग ते ओरडले, "हाजर हायती!"

त्यांनी वायर काढली. बारीक रुळाचा स्क्रू त्यांना भोकात बसवता येईना. मी तो बोटांनी धरला, त्यांनी फिरवला. संध्याकाळपर्यंत कदमताल झालं नाही, एकही हुकूम नाही, फक्त रव्यासारखा बारीक भुगा पडत राहिला. खड्डा गेला. नारिंगी छटा थोडी उरली, ती काकांनी तशीच ठेवली. जाडी भरली आणि फळी मालवणला गेली.

हल्ली मशीन सुरू करण्याआधी ते हात पुढे करून माझ्यासमोर धरतात. मी तो बघते आणि होकाराची मान हलवते, तेव्हाच ते बटण दाबतात. एखाद्या दिवशी मला मान हलवता येणार नाही. ते आम्हा दोघांनाही माहीत आहे, म्हणून हात बघायला मी जरा जास्तच वेळ लावते, आणि तोवर ते उसाकडे बघत उभे राहतात.