माठ भरला, सही अडवली

"मावशी, आधी तो माठ भरून घ्या. मग झाडायला लागा."

सेक्रेटरी साहेब माझ्याकडे न बघताच बोलले. अंबरनाथच्या शाळेचं ऑफिस. मी दारात उभी. शेजारी माझी मुलगी, वंदना. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. त्या शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई. तिचा पहिला पगार होता. तो बघायची मला हौस, म्हणून बरोबर आले होते.

मी वंदनाकडे बघितलं. वाटलं, आता म्हणेल, ही माझी आई आहे. तिने मान खाली घातली. पर्सचा पट्टा घट्ट धरला.

मी माठ उचलला. मागच्या नळावर भरला. आणून ठेवला. वर झाकणही ठेवलं.

परत आले तेव्हा ती रजिस्टरवर सही करत होती. अर्धी सही रेव्हेन्यूच्या तिकिटावर, अर्धी कागदावर. माठ टेबलाला लागूनच होता. बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यावर शाळा चौथीपर्यंत. तेवढीच शिकले. पण अक्षराला अक्षर जुळवून वाचता येतं. मी वाचलं. दोन हजार चारशे रुपये फक्त.

बाहेर आल्यावर तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत पाचशे.

"बाकीचे?"

"आई, सगळ्यांचं असंच असतं. शाळेला ग्रँट मिळाली की पूर्ण देणार. तोवर सही मात्र पूर्ण पगारावर करायची." मग हळूच म्हणाली, "मघाशी मी बोलले नाही... अजून कायम नाहीये गं मी."

आत बोलले तर मीही नव्हते. चारचौघांत मला बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच.

उल्हासनगर कॅम्प चारला जीन्सच्या कारखान्यात मी धागे कापते. शिवून आलेल्या पँटचे लोंबते दोरे कात्रीने काढायचे. नगावर पैसे. महिन्याला साडेसातशे पडतात. वंदनाचे वडील ती सातवीत असताना वारले, तेव्हापासून हेच. डी.एड.ला सरकारी कॉलेज तिचं थोडक्यात हुकलं. खासगीत डोनेशन मागितलं, वीस हजार. ते कारखान्याच्या शेठने दिले. व्याज नको म्हणाला. निम्मी मजुरी कापणार, आणि फिटेपर्यंत काम सोडायचं नाही.

"अरे बाई, लड़की टीचर बनेगी तो तू कैंची फेंक देगी. फिर मैं क्या करूँगा?" तो हसून म्हणाला होता. मीही हसले होते. वाटायचं, डी.एड. झालं की नोकरी. सहा महिन्यांच्या पगारात मी सुटले.

आता चौथी शिकलेली मी साडेसातशे मिळवत होते. डी.एड. झालेली माझी मुलगी पाचशे. त्यातून तिचं जाणंयेणं. शाळेत चांगली साडी लागते, ती. वर्गाचे तक्ते, खडू, रंगीत कागद, सगळं पदरचं. शेजारी बसणारी रखमा डोळे मिचकावून विचारायची, "काय गं टीचरच्या आई, अजून धागेच का?"

एप्रिलच्या शेवटी शाळेने वंदनाला कमी केलं. जूनमध्ये परत घेतलं. म्हणजे सुट्टीचा पगार नाही, आणि नोकरी सलग धरायची नाही. मला हे कळायला वर्ष लागलं. मला वाटलं होतं, तिचंच काही चुकलं. मी तिला रागावले होते.

दुसऱ्या एप्रिलमध्ये साहेबांनी मला बोलावून घेतलं. ओळखलं नाही त्यांनी मला. खुर्चीवर बसवलं.

"वंदनाबाईंना यंदा कायम करतोय. बिल्डिंग फंडाला पंचवीस हजार द्या."

"साहेब, कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा. डी.एड. झालेल्या पोरींची दारात लाइन आहे. फुकट शिकवतील. ही इथे आहे ती आमच्या उपकारावर."

वंदना माझ्या मागेच उभी होती. ती कानाशी वाकली. "आई, शेठला अजून एकदा विचार ना."

मी बोटं मोजायला लागले. पहिलं फिटायला अजून वर्ष. त्यावर हे. सहा वर्षं, सात वर्षं. माझे डोळे आताच सुईएवढा दोरा दोनदा शोधतात. डोळे गेले की? खुर्चीचा हात धरून बसले.

तेवढ्यात साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "एप्रिल, मे, दोन्ही सह्या आत्ताच करून टाका." मे महिन्याचा पगार देणारच नव्हते. सही मात्र हवी होती.

वंदनाने पेन उघडलं. आणि मी त्या पानावर हात ठेवला. आख्खा पंजा. जीन्सचा निळा रंग माझ्या नखांतून कधीच जात नाही.

"सही करू नको."

"मावशी, हात काढा."

"मावशी नाही. मी हिची आई. तुमचा माठ भरला होता ती मीच. हे रजिस्टर तेव्हाही वाचलंय मी."

हात नाही काढला. वंदना रडत बाहेर गेली. सही झाली नाही.

नोकरी गेली. जून आला, शाळेतून बोलावणं आलं नाही. आता ती माझ्या शेजारी बसून धागे कापते. कात्री अजून तिच्या बोटाला लागते. "तू माझं वाटोळं केलंस," एवढंच एकदा म्हणाली. खरंही असेल तिचं. तक्रार कर म्हटलं, तर मान हलवते. नाव खराब झालं की दुसरी शाळा घेणार नाही म्हणते.

मग मी करणार.

तिची शाळेतली पाठ टाचणाची वही अर्धी कोरी आहे. तिच्यातच हे लिहितेय. मागच्या पानावर अर्ज लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा जमला. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल. पाकिटातले पाचशे आणि रजिस्टरमधले दोन हजार चारशे, दोन्ही लिहिलेत. आकड्यात आणि अक्षरी. मेची कोरी जागाही लिहिली. वंदनाला विचारलं नाही. खाली सही माझी.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. ठाण्याची शिक्षण कचेरी चालू असते. तिथेही कुणीतरी मला झाडायला सांगेल. या वेळी मी झाडणार नाही. माठही भरणार नाही. अर्ज घेतल्याचा शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोरून हलणार नाही.