रेडिओजवळचं कुंकू

त्या बैलजोडीचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं. कारण माझा मेव्हणा.

जुन्नरात आमच्या आळीत वीज आली तेव्हा मी रेडिओ घेतला आणि पुढच्या साली रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. हमालीतून वर आलेला माणूस मी. घासाघीस करून दुकानदाराला घाम फोडला तेव्हा कुठे यंत्र उचललं. त्याची तार रेडिओच्या पाठीत खोचली की गाणं रेडिओतूनच ऐकू येई. पण दोघांचा आवाज काही जुळेना. रेकॉर्ड कण्हायची, म्हणून आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळावं लागे. ते तसंच ठेवून रेडिओ लावला की तो अंगावर धावून यायचा. शेवटी मी बटणाशेजारी चुन्याचा ठिपका दिला. रेकॉर्ड संपली की बटणाची रेघ ठिपक्यासमोर आणायची, मग रेडिओ लावायचा. एवढं मेव्हण्यालाही कळेल, असं मला वाटलं होतं.

निरगुडसरच्या एका शेतकऱ्याची खिल्लारी जोडी माझ्या मनात भरली होती. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली घेणाऱ्यानं विकणाऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितके शेकडे. घट्ट दाबली की सौदा पक्का, माघार नाही. मी चार बोटं धरत होतो आणि तो अंगठाही माझ्या मुठीत कोंबत होता. बाजार उठला तरी जमेना. म्हणून खंडेनवमीला त्याला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी आणि गाणं, दोन्ही पोटात गेल्यावर माणूस मऊ पडतो.

मेव्हण्याला रेडिओजवळ बसवलं. रेकॉर्ड सुरू झाली. पाहुण्याचे डोळे मिटले, मान डोलू लागली. मी हळूच उपरणं पसरलं आणि त्याची चार बोटं धरली. अंगठा या खेपेला आला नाही.

"लई ग्वाड हाय हो आवाज," तो म्हणाला.

मी दाबणार, तेवढ्यात रेकॉर्ड संपली आणि मेव्हण्यानं रेडिओ लावला. कुणी गृहस्थ शेणखताची माहिती देत होते. ती सगळ्या आळीला मिळाली. फळीवरचा तांब्या खाली आला, मांजर माळ्यावर गेलं आणि मी दचकून हातात आलं ते गच्च आवळलं. आला होता पाहुण्याचा अख्खा पंजा.

मेव्हण्यानं रेडिओ बंद केला. पाहुणा शांतपणे म्हणाला, "झालं राव. पाची बोटं दाबली तुमी."

"दचकलो हो मी."

"दचकून का व्हईना, दाबली न्हवं?"

मी मेव्हण्याकडे वळलो. "ठिपका दिसला नाही तुला?"

"दिसला की, दाजी. कुंकवाचा व्हता. त्याच्यासमोरच रेघ ठेवली."

आतून बायको म्हणाली, "खंडेनवमी हाय, रेडूच्या मशिनीला कुंकू लावलं मी. त्यो चुना कुणी फासला व्हता? घासून काढला."

कुंकू बरोबर बटणाच्या शेवटच्या टोकाला होतं. बायकोवर ओरडायची माझी टाप नव्हती, म्हणून मेव्हण्यावर ओरडलो. अजून ओरडतो.

जोडी पाच बोटांनाच घरात आली. निघताना पाहुण्यानं स्वतः होऊन आपलं उपरणं माझ्या हातावर टाकलं.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"या रेडूचं काय म्हनता, भाऊ?" असं म्हणून त्यानं माझी एकटी करंगळी धरली.