बुडीत गावचे लायसन

“चला, दाखवतो. डोंग्यानं जावं लागन.”

गाव कुठले, असे कोणी विचारले की आमच्या गाडीचे चालक एवढेच म्हणत आणि स्टिअरिंगवरचा अंगठा नदीच्या दिशेने वळवत. त्यांचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाऊन बरीच वर्षे झाली होती. ते राहत नव्या गावठाणात, पुनर्वसनाच्या एका रांगेतल्या घरात. त्या गावठाणाचे नाव त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकले.

मी तेव्हा भंडाऱ्यात वार्ताहर होतो. दौऱ्यासाठी आमचे कार्यालय एका कंत्राटदाराची गाडी भाड्याने घेई, आणि ती बहुतेक वेळा तेच चालवत. अंगाने बारीक, हॉर्न वाजवण्याआधी घसा खाकरण्याची सवय. लाखांदूरच्या रस्त्यावर धानाने भरलेला ट्रॅक्टर समोरून आला की गाडी खाली उतरवून थांबत. “जाऊ दे गा लक्ष्मीले,” म्हणत. मला कितीही घाई असली तरी.

गावठाणातल्या बऱ्याच जणांसारखा त्यांच्याही सगळ्या कागदांवर पत्ता जुन्या गावाचाच होता. हा विसराळूपणा नव्हता. कागदावरून जुने गाव गेले की सरकार म्हणणार, तुम्ही तर इथलेच, मग प्रकल्पग्रस्त कसले, अशी तिथे समजूत होती. हे कोणत्या नियमात आहे, असे मी एकदा विचारले.

“नियमात नाई, म्हनूनच त भेव वाटते,” ते म्हणाले.

ही समजूत इतकी वर्षे टिकली ती एका पोस्टमनमुळे. तो जुन्या गावाचाच होता, गावाबरोबरच उठून आला होता. बुडालेल्या गावाच्या नावाने आलेले पाकीट तो न विचारता नव्या गावठाणात ज्याच्या त्याच्या दारात देई. तो निवृत्त झाला. नेमके त्याच वेळी यांनी लायसनचे नूतनीकरण केले. कार्ड टपालाने निघाले, जुन्या गावाच्या पत्त्यावर. नव्या पोस्टमनने पाकिटावर ‘पत्ता सापडत नाही’ असे लिहून ते परत पाठवले.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी चालले होते. पण कंत्राटदाराने शाळेच्या गाडीचे काम घेतले. शाळेने प्रत्येक चालकाचे वैध लायसन मागितले. मोबाईलवरची प्रत चालणार नव्हती. कंत्राटदार म्हणाला, “सोमवारी कार्ड किंवा परिवहन ऑफिसच्या शिक्क्याची पावती दाखवा. नाही तर मी दुसरा डायव्हर पाहतो.” तो शुक्रवार होता.

त्या दिवशी दुपारी मी एका बातमीसाठी परिवहन कार्यालयात होतो. अशा खिडकीसमोर तुम्हीही कधी तरी उभे राहिला असाल. रांगेत ते होते आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. आजोबांच्या गेलेल्या जमिनीवरचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला तिच्या नावे व्हायचा होता. अर्ज पडताळणीत होता, आणि राखीव जागेसाठी तो दाखला हवाच होता.

खिडकीवरच्या बाईंनी परत आलेले पाकीट काढून समोर ठेवले.

“काका, या पत्त्यावर राहता ना? पुरावा दाखवा.”

“हे घ्या आधार. जुनंच गाव हाये त्याच्यावर.”

“पण राहता का तिथे?”

“चला, दाखवतो. डोंग्यानं जावं लागन.”

रांगेत कोणी तरी हसले. बाई हसल्या नाहीत.

“टपाल परत आलंय. आता या पत्त्यावर कार्ड देता येत नाही मला. पुनर्वसनाचा कागद असेल ना? तो लावा, पत्ता बदलायचा अर्ज द्या. पावतीवर शिक्का मारून देते, शाळेला तेवढं पुरेल. मात्र साहेब उठायच्या आत द्या.”

“पत्ता नाई बदलत.”

“का बरं?”

“पोरीचा दाखला अडकून हाये, बाई. मी इकडं नवा पत्ता टाकीन. तिकडं कोनी कम्प्युटरात पायन अन् म्हनन, हे त इथलेच. मंग?”

“दोन्ही ऑफिसं वेगळी आहेत हो, काका.”

“गाव उठवाच्या वक्ती बी वेगळीच होती. सारी एकाच दिवशी आली.”

मागून आवाज आला, “ओ काका, निपटवा ना! आमचाबी नंबर हाये.”

त्यांनी कागद गोळा करून पिशवीत घातले. मुलीला म्हणाले, “चाल वो. शाळेची गाडी गेली त जाऊ दे.”

मुलगी जागची हलली नाही. तिने पर्समधून एक कार्ड काढले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

“बाबा, हे पाहा.”

त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरले. लायसन होते, फोटो मुलीचा. खाली पत्ता नव्या गावठाणाचा.

“कवा काढलं?”

“कॉलेजात होती तवा. सांगतलं असतं त तुमी काढू देल्लं नसतं.”

“दाखल्याच्या अर्जाले लावलं?”

“लावलं. आधारबी नव्याच गावचं हाये मायं.”

बाईंनी मान वर केली. मला वाटले, ते ओरडतील. त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा काढून कट्ट्यावर ठेवले. मग बाईंना म्हणाले, “कुठं कराची सई?”

अर्ज भरायला वेळ लागला. मध्येच त्यांनी मुलीकडे वळून हळूच विचारले, “पिनकोड काय हाये आपला?”

सोमवारी त्यांनी शाळेची गाडी काढली. पुढे कार्डही घरपोच आले. शाळेच्या वेळा सोडून आमच्या दौऱ्यांवरही तेच येत, पण लक्ष फोनकडे असे. फोन वाजला की गाडी कडेला घेत, नाव पाहत, आणि मुलीचा नसेल तर न उचलताच पुढे निघत. दाखल्याच्या अर्जात काही त्रुटी निघाली का, असे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. भरतीची कागदपत्रे द्यायची मुदत जवळ येत होती.

पावसाळ्याच्या शेवटी मुलीला पुनर्वसन कार्यालयातून बोलावणे आले. त्यांनी मला सोबत यायला सांगितले. “पत्रकार संग असला म्हनजे सीधं बोलतेत.” पण कार्यालयाच्या आवारात पोहोचल्यावर ते खाली उतरलेच नाहीत.

“तूच जा. मी आलो त मायं कार्ड मांगतीन.”

मुलगी आत गेली. मी निघालो, तर तिनेच हाताने नको म्हटले. इंजिन सुरूच होते. त्यांनी फडके काढून आतून काच पुसली, मग पुन्हा पुसली. काच स्वच्छच होती. मी बंद करा म्हणालो, ते त्यांच्या कानावर गेले नाही.

ती पायऱ्या उतरून आली तेव्हा ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. तिने खिडकीतून कागद आत दिला.

“भेटला, बाबा.”

त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. मूळ गावाच्या रकान्यात बुडालेले गाव होते, सध्याच्या पत्त्यात नवे गावठाण.

“दोनी हायेत,” ते म्हणाले. मग मुलीकडे पाहून पुन्हा विचारले, “दोनी?”

“दोनी.”

त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरले, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसले. किल्ली त्यांनी मुलीकडे दिली होती. मी मागे बसलो.

नदीवरच्या कारध्याच्या पुलावर गाडी चढली तेव्हा खाली धरणाचे पाणी या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेले होते. पुलावर मुलीने वेग कमी केला आणि वडिलांकडे एकदा पाहिले. ते झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडे, आणि मांडीवरच्या कागदावर दोन्ही हात.