सुरतेत जॅझ ऐकायला गेले आणि आत्याच्या नकाराची गोष्ट कळली

आमच्या जॅझवेड्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये रुस्तमकाकांचा निरोप आला: 'रविवारी दुपारी माझ्या घरी या. ज्याने जे प्रत्यक्ष ऐकलंय, ते सांगायचं.' रुस्तमकाका सुरतचे पारशी, तरुणपणी मुंबईत ड्रम वाजवायचे. भेट कधीच झाली नव्हती. मी लगेच जळगावहून सुरतच्या गाडीचं तिकीट काढलं.

तुम्हीही जाणार असाल तर जळगाव-सुरत ताप्ती लाइनची दिवसाची गाडी घ्या आणि नंदुरबारनंतर खिडकी सोडू नका. बमरोली-पांडेसऱ्याकडे कोणी नातेवाईक असेल तर सुरतच्या आधीच्या उधन्यालाच उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळते, आणि रिक्षात शेजारी अहिराणी बोलणारं कोणीतरी असतंच.

बमरोलीत माझी शोभाआत्या राहते. मराठी शाळेतून निवृत्त झालेली, पंचाहत्तरी ओलांडलेली. सकाळी तिने लोचो आणवला. डाळीचा वाफवलेला मऊ प्रकार, वर तेल, शेव, मिरपूड. गरम असतानाच खा, गार झाला की मजा गेली. मी नानपुऱ्याला रुस्तमकाकांकडे निघाले तशी तीही चपला घालू लागली.

"आत्या, इंग्रजी बाजा आहे. कंटाळशील."

"कंटाळले तर झोपेन. घरी तरी काय करतेय?"

रुस्तमकाकांच्या दिवाणखान्यात पुदिन्याचा चहा आणि नानखटाई होती (सुरतेहून परतताना नानखटाई आणाच) आणि एकेक आठवण अशी निघत होती की माझा चहा गार झाला. एका दंतवैद्यांनी सांगितलं, सॅक्सोफोनवाल्याने सूर एवढा लांबवला की वेटर ट्रे धरून तसाच उभा राहिला. मग रुस्तमकाका बोलू लागले. चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात रविवारी दुपारी त्यांचं वादन चालू असताना वीज गेली. जाड पडद्यांमुळे आत काळोख. माइक बंद पडला, तशी गाणारी बाई खाली उतरून टेबलांमधून गात फिरली. "आणि पियानो अंधारातही चालूच होता," काका म्हणाले.

"पियानो थांबला होता," आत्या म्हणाली. मला वाटलं होतं तिचा डोळा लागलाय. "फक्त ड्रम चालू होता. झाडू फिरवल्यासारखा, अगदी हळू."

काकांनी कप खाली ठेवला. "बेन, तमे त्यां हतां? तुम्ही तिथे होतात?"

"एका मुलाने मला तिथं बघायला बोलावलं होतं," आत्या सांगू लागली. "तो पगार सांगत होता, जागा सांगत होता. माझं सगळं लक्ष ड्रमवर. स्वयंपाक येतो का, असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, थांबा जरा. मग काय, नकार आला."

सगळे हसले. काकांनी मात्र हात जोडले. "माझ्यामुळे तुमचं लग्न मोडलं."

"बरं झालं मोडलं. नाहीतर सुरतेत कशाला आले असते? इथं संसार चांगला झाला माझा."

काका आत गेले आणि ड्रम घेऊन आले. तारांचे ब्रश त्याच्यावर फिरू लागले. आत्या डोळे मिटून ताठ बसली.

"याहून हळू," ती म्हणाली.

काकांनी लय उतरवली.

"हां. हेच."

माझ्याकडे इतक्या रेकॉर्ड आहेत, पण त्या खोलीत जे ऐकलं ते त्यांतल्या एकीवरही नाही.

सोमवारी जळगावला पोचल्या पोचल्या हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा आत्याचे धाकटे भाऊ.

"आम्ही समजत होतो, ती जास्त शिकलेली म्हणून नकार आला," ते म्हणाले. "आमच्या थोरल्या दादांनी त्या लोकांशी बोलणंच टाकलं होतं. मी तर सोबतीला गेलो होतो. या दोघांना बोलू दे म्हणून मला बाहेर पाठवलं, मी समुद्रावर चणे खात बसलो." मग माझ्या रेकॉर्डांकडे बघून म्हणाले, "एवढं काय वाजवतात ते? लाव बघू."

मी ब्रशने वाजवलेल्या ड्रमची एक रेकॉर्ड लावली. बाबांनी ती बाजू संपेपर्यंत ऐकली.

"बिचारा मुलगा," ते म्हणाले. "ह्याच्यापुढे त्याचं कोण ऐकणार होतं?"