सुतातल्या सात गाठी

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा आमच्या शिक्षण कार्यालयात एक नवीनच कटकट सुरू झाली. निकालाची फाइल वर पाठवायच्या आधी संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. तिच्यात फाइलचं नाव, आणि पाठवणारा व घेणारा या दोघांनाच ठाऊक असलेला एक गुप्त शब्द. मग यंत्र अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देई. घेणाराही तसंच करून बघे. वाटेत कुणी फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी दोन ओळी जुळत नसत. शिकवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, जुळलं नाही तर मनानं काही ठरवायचं नाही. आधी पाठवणाऱ्याला विचारायचं."

मी मान डोलावली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. त्याला काय सांगणार, कप्पाळ! हेच सगळं मला सत्तरच्या दशकात माझ्या निरक्षर आईनं शिकवलं होतं, आणि मी नेमकं त्याच्या उलट वागले होते.

आमचं गाव कारंज्याजवळ. मी वाशिमला मुलींच्या वसतिगृहात राहून मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते. बाबा कापसाच्या जिनिंगात हमाल. मला सोडायला आले तेव्हा माझी लोखंडी पेटी स्टँडपासून डोक्यावर घेऊन चालले, आणि वसतिगृहाच्या बाईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर काही केल्या बसले नाहीत. घरात लिहिता येणारे एकटे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आई सांगायची, ते लिहायचे. माणूस देवासारखा, पण एक खोड होती. वाईट बातमी कागदावर उतरवायचीच नाही. दूर शिकणाऱ्या पोरीच्या जिवाला घोर कायले, म्हणायचे. वर आईला पत्र वाचून दाखवताना न लिहिलेलंही वाचून दाखवायचे. आईला काय कळणार?

पहिल्या वर्षी घराची भिंत पडली ते मला दिवाळीत घरी गेल्यावर समजलं. आईनं ते दोनदा पत्रात सांगितलं होतं. मग तिनं डोकं चालवलं. विहारात परित्राण पाठ झाला की मनगटाला बांधतात ते पांढरं सूत ती पत्रासोबत पाकिटात घालू लागली. आशीर्वादाचं सूत, त्याला कोण हरकत घेणार? पण एकेक गोष्ट सांगून झाली की ती त्या सुताला एकेक गाठ मारायची. मी म्हटलं, मोठे बाबा हुशार आहेत, गाठी मोजतील आणि तेवढ्या ओळी काहीबाही लिहून भरतील.

"मंग शेवटी दोन गाठी आपल्या," ती म्हणाली. "तुह्या आधीच्या दोघींच्या. कोणाले सांगू नको."

माझ्याआधी तिच्या दोन मुली जन्मून गेल्या होत्या. घरात त्यांना कुणी मोजत नसे.

दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. गाठी मोजायच्या, दोन वजा करायच्या, पत्रातल्या गोष्टींशी ताळा घ्यायचा. एकदा एक गाठ जास्त निघाली तर मी उलट पत्र टाकून विचारलंही. एक बकरी मेली होती.

शेवटच्या परीक्षेच्या आधी, शनिवारी दुपारी पत्र आलं. सोमवारपासून पेपर. बकरीला दोन पिल्लं झाली, मावशीच्या पोरीची सोयरीक जमली, विहाराचं छप्पर शाकारलं, पेपर मन लावून लिही. चार गोष्टी. सुताला सात गाठी.

दोन गेल्या, पाच राहिल्या. एक गोष्ट कमी होती. मी पुन्हा मोजल्या, नखानं चाचपून मोजल्या. पिशवीत एक लुगडंही भरलं. पाचची गाडी धरली असती तर रात्री घरी, रविवारी परत. पण पेपर डोक्यावर, अभ्यास अर्धा, आणि नापास झाले तर बाबांची सगळी हमाली पाण्यात. मग मनानंच तोड काढली: पिल्लं दोन, म्हणून आईनं गाठी दोन मारल्या असतील. आई डोकी मोजत नाही, गोष्टी मोजते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी स्वतःला पटवलं. पिशवी रिकामी केली, सूत मनगटाला बांधलं आणि पुस्तक उघडलं. आजही त्या वीस वर्षांच्या पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटते.

शुक्रवारी शेवटचा पेपर देऊन आले तर फाटकाशी मोठे बाबा उभे. त्यांनी मला बसमध्ये बसवलं. निम्मा रस्ता मागे पडला तेव्हा म्हणाले, बुधवारी तुझे बाबा गेले. आजार पंधरा दिवसांचा होता. पत्रात आईनं तुला बोलावलं होतं, मी लिहिलं नाही, तुझं वर्ष वाया गेलं असतं. मग टोपीत तोंड घालून रडले. मला त्यांचा राग आला, आणि लगेच कळलं की तो राग करायचा मला हक्क नाही. त्यांनी लपवलेलं मला शनिवारीच कळलं होतं.

घरी आईनं मला जवळ घेतलं. रडणं ओसरल्यावर तिचा हात माझ्या मनगटावर आला. ते सूत तसंच होतं. ती एकेका गाठीवरून बोट फिरवत गेली.

"सातच हायेत," ती म्हणाली. "मोजल्या नव्हत्या काय, बाई?"

नाही म्हणणं सोपं होतं. मोठ्या बाबांवर सगळं गेलं असतं आणि मी सुटले असते. पण तिचं बोट अजून शेवटच्या दोन गाठींवर होतं.

"मोजल्या होत्या," मी म्हणाले.

तिनं माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला.

"मी त तुह्या बाबाले सांगत राह्यलो," ती म्हणाली, "गाठ मारली हाय, पोरगी येतेच."